वाचकांचे प्रश्न : घरबसल्या काम – खरं कोणतं, खोटं कोणतं?

घरून करता येणाऱ्या कामांविषयी आलेल्या पत्रांपैकी सात पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्र पाठवणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : फॉर्म भरण्याचं काम आहे. अनुभव नको, पदवी नको, मोबदला चांगला. सुरुवातीला नोंदणी शुल्क मागतात, पण ते पहिल्या पगाराबरोबर परत देणार म्हणतात. पावतीसुद्धा देतात. हे खरं असू शकतं का?

नाही. आणि खात्री करून घ्यायची असेल तर त्यांना एवढंच लिहा : "शुल्क माझ्या पहिल्या मोबदल्यातून वजा करा." ज्याला खरोखर काम करून घ्यायचं आहे त्याचं यात काहीच बिघडत नाही. "सिस्टीममध्ये तशी सोय नाही", "आजच शेवटची जागा आहे" असली उत्तरं आली की विषय संपला.

शुल्काला नावं अनेक असतात. ट्रेनिंग किट, सॉफ्टवेअरचं लायसन्स, आयडी अ‍ॅक्टिव्हेशन, पडताळणी, लॅपटॉपचा विमा, कुरिअर. पहिली रक्कम मुद्दाम लहान ठेवतात, कारण एकदा पैसे दिलेला माणूस ते वाचवण्यासाठी दुसऱ्यांदा देतो. पावतीवर जाऊ नका. तुम्ही पैसे दिलेत एवढंच तिच्यावरून सिद्ध होतं.

कामाचाही थोडा विचार करा. स्कॅन केलेल्या कागदावरचा मजकूर टाइप करायला आज ओसीआर सॉफ्टवेअर आहे आणि ते काही सेकंदांत होतं. मग तेच काम अनोळखी माणसाकडून, कसलीही परीक्षा न घेता, चढ्या दराने कोण करून घेईल? डेटा एंट्रीची खरी कामं आहेत, पण ती बहुधा दुसऱ्या कामाच्या पोटात असतात. कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बिलं चढवणं, दोन याद्या ताडून फरक शोधणं, मालाच्या नोंदी नीट करणं. त्यासाठी लॉगिन लागतं, विश्वास लागतो, म्हणून मुलाखतही होते. मुलाखतच नसेल तर शंका घ्या.

ही युक्ती संगणकापेक्षा जुनी आहे. अमेरिकेत घरी बसून लिफाफे भरण्याच्या कामाच्या जाहिराती कित्येक वर्षं चालल्या. पैसे भरणाऱ्याला लिफाफे मिळायचेच नाहीत. त्याला सूचना यायची, की तुम्हीही हीच जाहिरात द्या आणि पैसे गोळा करा. तिथलं टपाल खातं अजूनही त्याबद्दल लोकांना सावध करतं.

प्रश्न : टेलिग्रामवर हॉटेलांना आणि व्हिडिओंना रेटिंग द्यायचं काम मिळालं. पहिल्या दिवशी पैसे खरोखर खात्यात आले. मग 'प्रीपेड टास्क' सुरू झाले. आता त्यांच्या वेबसाइटवर माझ्या नावे मोठी रक्कम दिसते, पण काढायला गेलं की आधी कर भरा म्हणतात. तीनदा भरलं. आणखी एकदा भरलं तर सगळं सुटेल का?

सुटणार नाही. यापुढे एक पैसाही पाठवू नका.

वेबसाइटवर दिसणारी रक्कम म्हणजे पडद्यावरचा आकडा. साइट त्यांचीच आहे, तिथे ते वाटेल तो आकडा टाकू शकतात. कर हा मिळणाऱ्या रकमेतून कापला जातो किंवा तुम्ही स्वतः सरकारकडे भरता. पगार देण्याआधी कामगाराकडून वेगळे पैसे घेऊन त्याचा कर भरणारा मालक कुठेच नसतो.

या प्रकाराची रचना जवळजवळ ठरलेली आहे. पहिला निरोप पाठवणारी 'रिसेप्शनिस्ट' तुम्हाला एका 'मेंटॉर'कडे सोपवते. दोन-चार लाइक किंवा रेटिंग दिल्यावर छोटी रक्कम खात्यात येते. ते गळाला लावलेलं आमिष. मग एका ग्रुपमध्ये घेतात, तिथे बाकीचे सभासद दिवसभर नफ्याचे स्क्रीनशॉट टाकत असतात. त्यातले बहुतेक त्याच टोळीचे. पुढे येतो प्रीपेड टास्क : आधी भरा, वाढवून परत घ्या. पहिल्यांदा परत मिळतं. त्यानंतर तीन-चार टास्कचा संच येतो आणि तो पूर्ण झाल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत. संचाच्या मध्यावर रक्कम अचानक फुगते, किंवा खातं 'मायनस'मध्ये दिसतं. भरलंत तर सांगतात, टास्कचा क्रम चुकला, आता दुरुस्ती शुल्क. मग कर. मग 'क्रेडिट स्कोअर' घसरला म्हणून अनामत.

एक गोष्ट नीट बघा. प्रत्येक वेळी मागितलेली रक्कम अडकलेल्या रकमेपेक्षा कमीच असते. 'एवढं भरलं की तेवढं सुटेल' हा हिशेब तुमच्या डोक्यात आपोआप व्हावा म्हणून तो आकडा तसा ठरवलेला असतो. भोळी माणसंच यात सापडतात असं नाही. आकडेमोड पक्की असलेली माणसं याच हिशेबापायी अडकतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे अशा टास्कच्या फसवणुकीची २०२० मध्ये एकही तक्रार नव्हती. २०२३ मध्ये सुमारे ५,००० आल्या आणि २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांतच सुमारे २०,०००.

आता काय करायचं ते क्रमाने. सर्वांत आधी बँक. कार्डामागे किंवा बँकेच्या अधिकृत अ‍ॅपमध्ये दिलेल्या नंबरवरच फोन करा. इंटरनेटवर शोधून सापडलेला 'कस्टमर केअर' नंबर वापरू नका, त्यातले काही याच धंद्यातले असतात. प्रत्येक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम आणि ज्याला पैसे गेले त्याचा तपशील द्या. फसवणुकीची तक्रार म्हणून नोंद करायला सांगा आणि तक्रार क्रमांक घ्या. हे पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात भराभर फिरवले जातात. वाटेत कुठे थांबलेले असतील तरच ते रोखता येतात, म्हणून इथे उद्यावर टाकून चालत नाही. भारतात असाल तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. दुसऱ्या देशात असाल तर तिथल्या पोलिसांच्या सायबर विभागाकडे जा.

रागाच्या भरात चॅट पुसू नका, ग्रुपही लगेच सोडू नका. टेलिग्रामवर समोरचा माणूस खाजगी चॅट दोन्हीकडून पुसून टाकू शकतो, त्यामुळे आधी सगळं जपून ठेवा. संगणकावरच्या टेलिग्राममध्ये चॅट एक्सपोर्ट करायची सोय आहे. दिसणारं नाव केव्हाही बदलता येतं, म्हणून युजरनेम टिपून ठेवा. वेबसाइटचा पूर्ण पत्ता लिहून घ्या. पैसे क्रिप्टोमध्ये पाठवले असतील तर वॉलेटचा पत्ता आणि ट्रान्झॅक्शन हॅश, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, तोही टिपून ठेवा.

पहिल्या दिवशी तुम्हाला मिळालेल्या पैशांबद्दलही बँकेला सांगून टाका. ते बहुधा दुसऱ्या फसलेल्या माणसाचे असतात किंवा भाड्याने घेतलेल्या खात्यातून आलेले असतात. तपास त्या साखळीने तुमच्या खात्यापर्यंत आला तर खातं गोठू शकतं. तुमची तक्रार आधी नोंदलेली असली की स्पष्टीकरण सोपं जातं.

अधिकृत अ‍ॅप स्टोअरच्या बाहेरून कुठलं अ‍ॅप टाकायला लावलं असेल किंवा स्क्रीन शेअर केली असेल, तर फोनचं इंटरनेट बंद करा. दुसऱ्या उपकरणावरून बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड बदला, मग ते अ‍ॅप काढा.

काही दिवसांनी कुणीतरी फोन करून म्हणेल, तुमचे पैसे सापडलेत, थोडं प्रोसेसिंग शुल्क भरा. वकील, सायबर अधिकारी, 'एथिकल हॅकर', काहीही सांगेल. फसलेल्या लोकांच्या याद्या विकल्या जातात. तुमचा नंबर त्यात आहे असं धरूनच चाला.

प्रश्न : टायपिंगच्या कामाचा ऑनलाइन करार सही केला. पाच दिवसांत ५०० फॉर्म द्यायचे होते, दिले. आता म्हणतात क्वालिटी चेकमध्ये नापास, ९० टक्के अचूकता नाही, म्हणून दंड भरा. वकिलाची नोटीस पीडीएफमध्ये आली आहे, अटक होईल असंही लिहिलंय. खरंच माझ्या एवढ्या चुका झाल्या असतील का?

झाल्या नसतील, तरी तुम्ही नापास होणारच होता. तो करारच त्या हिशेबाने बांधलेला असतो. एका फॉर्मात २५ रकाने धरा. तुम्ही शंभरातले ९९ रकाने बरोबर भरता असं माना. टायपिस्ट म्हणून हे उत्तमच काम झालं. पण करारात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की एक रकाना चुकला तरी अख्खा फॉर्म चूक. मग फॉर्म बिनचूक निघण्याची शक्यता ०.९९ चा २५ वा घात, म्हणजे सुमारे ७८ टक्के. शंभरात ९८ बरोबर असतील तर हीच शक्यता ६० टक्क्यांवर येते. ९० टक्के गाठायचं तर हजार रकान्यांत जेमतेम चार चुका चालतात, आणि तुमच्यासमोर तर अंधुक स्कॅन होते, ज्यात शून्य आणि 'ओ' सारखेच दिसतात. शिवाय तपासणारेही तेच. चुकांचा अहवाल मागा, कुठला फॉर्म, कुठला रकाना, ते विचारा. बहुधा मिळणार नाही.

दंड भरू नका. वकिलाची नोटीस म्हणजे वकिलाने लिहिलेलं पत्र. तो न्यायालयाचा आदेश नव्हे, आणि असल्या पीडीएफवरचा वकीलही बरेचदा खरा नसतो. कामात चुका झाल्या हा करारातला दिवाणी वाद आहे, त्यासाठी पोलीस अटक करत नाहीत. न्यायालयाच्या खऱ्या समन्सवर न्यायालयाचं नाव, खटल्याचा क्रमांक आणि तारीख असते. तो क्रमांक न्यायालयाच्या स्वतःच्या वेबसाइटवर किंवा कार्यालयात पडताळून बघता येतो. असा कागद खरोखर आला तर मात्र तो बाजूला टाकू नका, वकिलाला दाखवा.

सध्या एकदाच लेखी उत्तर द्या : काम दिल्याची तारीख, फॉर्मची संख्या, चुकांच्या तपशिलाची मागणी आणि दंड अमान्य असल्याचं वाक्य. त्यानंतर फोन उचलायची गरज नाही. धमकीचे निरोप, कराराची प्रत, नोटीस हे सगळं जपून ठेवा आणि त्याच आधारे पोलिसांकडे तक्रार द्या. नवीन कशावरही ई-सही करू नका, 'तडजोड करार' म्हणून पाठवला तरीही.

प्रश्न : नामांकित कंपनीच्या नावाने ऑफर लेटर आलं. मुलाखत फक्त चॅटवर झाली. लोगो, सही, शिक्का सगळं आहे. लॅपटॉपसाठी ते चेक पाठवणार आहेत, तो खात्यात भरून त्यांच्या ठरलेल्या पुरवठादाराला पैसे पाठवायचे. कसं तपासू?

चेकचा भाग वाचल्यावर खरं तर तपासायला काही उरत नाही. चेक भरला की काही ठिकाणी बँक तो पूर्ण वटण्याआधीच रक्कम खात्यात दाखवते. तुम्ही ती 'पुरवठादारा'ला पाठवता. काही दिवसांनी चेक बनावट म्हणून परत येतो, बँक ती रक्कम तुमच्या खात्यातून वळती करून घेते, आणि पुरवठादार म्हणजे तेच लोक. खरी कंपनी लॅपटॉप स्वतः पाठवते, नाहीतर तुम्ही घेतलेल्या वस्तूचं बिल नंतर चुकतं करते. 'जास्त रक्कम चुकून आली, वरचे परत पाठवा' हा याचाच भाऊ.

तरी तपासायची रीत सांगून ठेवतो, कारण प्रत्येक ऑफरमध्ये चेक नसतो.

ईमेलचा पत्ता उजवीकडून वाचा. पत्त्यात शेवटी 'अमुककंपनी डॉट कॉम डॉट तमुक डॉट नेट' असं असेल तर मालक 'तमुक डॉट नेट'. डावीकडचं कंपनीचं नाव कुणीही लावू शकतो. अक्षरंही न्याहाळा. इंग्रजीतले लहान 'आर' आणि 'एन' शेजारी आले की 'एम'सारखे दिसतात, मोठा 'आय' आणि लहान 'एल' ओळखू येत नाहीत. पत्ता कॉपी करून मोठ्या फाँटमध्ये चिकटवून बघा. मग तो डोमेन, म्हणजे ईमेलमधला '@' नंतरचा भाग, आयकॅनच्या (इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था बघणारी संस्था) लुकअप पानावर टाका. तिथे नोंदणीची तारीख दिसते. कंपनी वीस वर्षांची आणि डोमेन तीन आठवड्यांचा, एवढं पुरे.

जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' उघडलं तर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा तीन ओळी दिसतात. तिथे 'पास' लिहिलेलं पाहून काहीजण निर्धास्त होतात. त्याचा अर्थ एवढाच, की मेल खरोखर त्या डोमेनवरून आला. तो डोमेन त्या कंपनीचा आहे की नाही, हे त्या ओळी सांगत नाहीत. 'रिप्लाय टू'चा पत्ता वेगळा आहे का, तेही तिथेच बघून घ्या.

कंपनी सरकारदरबारी नोंदलेली आहे का, हे बहुतेक देशांत फुकट बघता येतं. भारतात कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर, ब्रिटनमध्ये कंपनीज हाउसवर. मात्र इथे नाव खऱ्या कंपनीचंच चोरलेलं असतं, त्यामुळे नोंद सापडली म्हणून ऑफर खरी ठरत नाही. पक्का उपाय जुनाच आहे : कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून नंबर घ्या, फोन करा, ऑफर लेटरवरचा क्रमांक आणि सही करणाऱ्याचं नाव सांगा. ती जागा त्यांच्या करिअर्सच्या पानावर आहे का तेही विचारा.

आणि व्हिडिओ कॉल मागा. कॉलवर कामाबद्दल विचारा : माझा वरिष्ठ कोण, काम कोणत्या सॉफ्टवेअरवर, पगार कोणत्या तारखेला, मी नोकर की कंत्राटदार? काम नसलेल्या माणसाला या प्रश्नांची उत्तरं सुचत नाहीत. तोवर ओळखपत्राची प्रत देऊ नका. द्यावीच लागली तर प्रतीवर आडवं लिहा : कुणाला दिली, कशासाठी, तारीख.

प्रश्न : मराठी उत्तम, इंग्रजी चांगलं समजतं, मराठी टायपिंग येतं. रोज चार तास देऊ शकते. खरं काम कोणतं आणि ते कुठे शोधायचं?

'टायपिंग येतं' एवढ्यावर आता काम मिळणं कठीण आहे. तेच कौशल्य दुसऱ्या कशाला तरी जोडावं लागतं. तुमच्याकडे दोन भाषा आहेत, म्हणून तीन कामं आधी बघा : लिप्यंकन (ट्रान्स्क्रिप्शन, म्हणजे ध्वनिफीत ऐकून ती टाइप करणं), सबटायटल आणि अनुवाद.

लिप्यंकनात एका तासाच्या ध्वनिफितीला नवशिक्याला सुमारे चार तास लागतात. आवाज खराब असेल, चार माणसं एकमेकांच्या मध्ये बोलत असतील, तर सहा किंवा जास्तही. दर बहुधा 'ऑडिओच्या मिनिटाला' सांगतात आणि नवीन माणूस तो कामाच्या मिनिटाचा समजून खूश होतो. दर चाराने भागून मगच हो म्हणा. आजकाल यंत्राने काढलेला कच्चा मसुदा सुधारायला देतात, दरही कमी देतात. फीत स्वच्छ असेल तर ते परवडतं. गोंगाटाची असेल तर मसुदा पुसून पुन्हा लिहिणं जास्त लवकर होतं, म्हणून दर ठरवण्याआधी फितीची पाच मिनिटं ऐकायला मागा. सरावासाठी ओट्रान्स्क्राइब हे ब्राउझरमध्ये चालणारं फुकट साधन पुरेसं आहे.

सबटायटलमध्ये भाषेइतकंच गणित आहे. एका वेळी दोनच ओळी, ओळीतल्या अक्षरांना मर्यादा (लॅटिन लिपीसाठी ती बहुधा ४२ असते), आणि वाचायला पुरेल एवढा वेळ. सबटायटल एडिट हे फुकट सॉफ्टवेअर शिकून घ्या.

अनुवादात मुरलेला माणूस पूर्ण दिवसात दोन ते अडीच हजार शब्द नीट करतो. तुमच्या चार तासांत एक हजार धरा. कुणी उद्या सकाळपर्यंत दहा हजार शब्द मागत असेल तर त्याला अनुवाद नको आहे, यंत्राच्या अनुवादावर तुमचं नाव हवं आहे.

मराठी टायपिंग म्हणजे युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणारी अक्षरं, हे गृहीत धरलेलं असतं. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर तो फाँट नसेल तर निरर्थक चिन्हांची रांग होते. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीपासून असतो, तो सुरू करून घ्या. एक बारीक जागा आत्ताच तपासा : 'दुसऱ्या', 'करणाऱ्या' यांतला 'ऱ्य' तुम्हाला उमटवता येतो का? त्यासाठी नुक्त्याचा 'ऱ', मग हलन्त, मग 'य'. साधा 'र' घेतला तर रफार चढतो आणि 'दुसर्या' होतं. नमुन्यात हे दिसलं की तपासनीस पुढचं वाचत नाही.

शोधायचं कुठे? आधी कंपन्यांच्या आणि अनुवाद संस्थांच्या स्वतःच्या करिअर्सच्या पानांवर. मग लिंक्डइन आणि अपवर्क, फायवर या सुटी कामं मिळण्याच्या साइट. अनुवादकांसाठी प्रोझ ही साइट आहे. तिथल्या 'ब्लू बोर्ड'वर काम देणाऱ्या संस्थांना अनुवादक १ ते ५ गुण देतात, संस्था पैसे वेळेवर देते का ते तिथे कळतं. गुण कमी असतील तर कितीही गोड मेल आला तरी सोडून द्या. मेल स्वतःहून पाठवताना चार ओळी पुरतात : भाषांची जोडी, विषय (आरोग्य, कायदा, शिक्षण, जो खरंच जमतो तो), रोजची क्षमता आणि सोबत अडीचशे-तीनशे शब्दांचे दोन-तीन नमुने. तीस ठिकाणी पाठवा. बहुतेक ठिकाणांहून उत्तर येत नाही, आणि येतं ते कधी कधी महिन्याने.

चित्रांना किंवा आवाजाला लेबल लावणं, शोध-निकाल तपासणं ही कामंही खरी आहेत. मात्र ती अनियमित असतात, आज आहेत तर पुढचा आठवडा कोरडा. प्रवेशपरीक्षेचे तास बहुधा बिनपगारी. मुख्य उत्पन्न म्हणून धरू नका. चॅटवरची ग्राहकसेवा, हिशेब लिहिणं, शिकवणी यांत पैसा जास्त स्थिर, पण वेळा बांधलेल्या.

दराचा हिशेब एकदा कागदावर करून बघा. चलन कोणतंही धरा. काम १०० चं, चार तासांचं, म्हणजे तासाला २५ वाटतात. फायवर २० टक्के कापतं, उरले ८०. पैसे वळते करण्यात समजा ४ गेले, ७६. दुरुस्त्या आणि निरोपानिरोपीत आणखी एक तास. हातात आले तासाला १५. पंधरा परवडत असतील तरच ते काम घ्या.

प्रश्न : अपवर्कवर प्रस्ताव पाठवायलाही 'कनेक्ट्स' विकत घ्यावे लागतात. ही पण फसवणूकच ना? आणि ग्राहक म्हणतो, व्हॉट्सअ‍ॅपवर या, कमिशन वाचेल. शिवाय आधी फुकट नमुना हवाय.

कनेक्ट्स ही फसवणूक नव्हे. फरक असा, की ते बाजारात बसायचं भाडं आहे. त्याचा दर सगळ्यांसाठी उघड लिहिलेला असतो आणि काम मिळेलच असं कुणी सांगत नाही. फ्लेक्सजॉब्ससारख्या साइट जाहिराती दाखवण्याची वर्गणी घेतात, तेही तसंच. नोकरीची हमी देऊन पैसे मागतात तेव्हा घाबरायचं. तरी कनेक्ट्स उधळू नका. ज्या ग्राहकाची पैसे देण्याची पद्धत पडताळलेली नाही आणि ज्याने आजवर काहीच खर्च केलेला नाही, तिथे प्रस्ताव पाठवू नका.

कमिशन वाचवायला बाहेर गेलात की एस्क्रोचं, म्हणजे ग्राहकाचे पैसे आधीच प्लॅटफॉर्मकडे जमा असण्याचं, संरक्षण संपलं. प्लॅटफॉर्मचा नियम मोडल्यामुळे खातं बंद होऊ शकतं, ते वेगळंच. ठरावीक रकमेच्या कामात माइलस्टोनसमोर (कामाच्या टप्प्यासमोर) 'फंडेड', म्हणजे पैसे जमा, असं दिसल्याशिवाय पहिली ओळही लिहू नका. तासाच्या कामात अपवर्कचं टाइम ट्रॅकर चालू ठेवून केलेलेच तास संरक्षित असतात, हाताने टाकलेले नाहीत. पेपालने थेट पैसे घेत असाल तर लक्षात ठेवा, देणाऱ्याला १८० दिवसांपर्यंत तक्रार करता येते. काम ठरल्याचे, पाठवल्याचे, पसंत पडल्याचे निरोप तेवढे दिवस जपा.

नमुना दोनशे-तीनशे शब्दांपर्यंत ठीक. त्यापुढे पैसे मागा, लहान का होईना. चाळीस अर्जदारांना एकाच पुस्तकाची वेगवेगळी पानं 'नमुना' म्हणून देऊन अख्खं पुस्तक फुकटात करून घेणारे आहेत. ओळखायचं कसं? मजकूर मधूनच सुरू होतो आणि मधेच तुटतो. तसं दिसलं तर त्यांना स्वतःचा जुना नमुना पाठवा आणि गप्प बसा.

प्रश्न : 'पेमेंट एजंट' म्हणून काम आहे. माझ्या खात्यात पैसे येणार, ५ टक्के ठेवून बाकीचे पुढे पाठवायचे. याच लोकांनी पार्सल घरी घेऊन नवा पत्ता चिकटवून पाठवायचंही विचारलंय. यात माझे पैसे तर जात नाहीत, मग धोका काय?

तुमचे पैसे जात नाहीत, तुमचं नाव जातं. वर टेलिग्रामच्या पत्रात ज्या खात्यांची साखळी सांगितली, त्यातलं एक खातं तुमचं होणार आहे. पैसे फसलेल्या माणसांचे असतात आणि पोलिसांच्या कागदावर पहिलं नाव येतं ते खातेदाराचं. पार्सलमध्ये बहुधा चोरलेल्या कार्डांवर घेतलेल्या वस्तू असतात आणि घेणाऱ्याचा पत्ता तुमचा. मला माहीत नव्हतं, हे सांगता येतं, पण ते सिद्ध होईपर्यंत खातं गोठलेलं राहतं. खऱ्या कंपनीला पैसे फिरवायला स्वतःचं खातं असतं, तुमच्या खात्याची तिला गरज का पडावी?

पैसे आधीच आले असतील तर पुढे पाठवू नका आणि आले तिथे स्वतःहून परतही पाठवू नका. खर्चही करू नका. बँकेच्या शाखेत लेखी अर्ज द्या, त्यात व्यवहाराचे क्रमांक लिहा, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. एटीएम कार्ड, सिम किंवा नेट बँकिंगचा पासवर्ड त्यांना दिला असेल तर तिन्ही आजच बंद करा. पार्सल दारात आलं असेल तर न उघडता पोलिसांना कळवा, आणि त्या कुरिअरची पावती फाडू नका.